होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या आउटबोर्ड इंजिनांत नाव कमावलेल्या ओएमसीने (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) सहलीच्या होड्या बांधणे इतक्या लवकर का सोडले?

जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही इंजिने बनवणाऱ्या, इलिनॉयमधील वॉकीगनच्या या कंपनीने 1960 च्या दशकात स्वतःच्या फायबरच्या होड्या विकायला काढल्या आणि 1970 च्या सुमारास ते काम आवरते घेतले. होडी वाईट होती म्हणून ते बंद पडले, असे मला वाटत नाही. पसरलेल्या पंखांसारखा तिचा तळ आजही जाणकारांना आवडतो. चूक हिशेबाची होती, आणि नेमकी तीच आमच्या घरात झाली.

मालवणात आमची आउटबोर्ड दुरुस्तीची शेड आहे. थोरले बंधू एके दिवशी म्हणाले, “इंजिन आपण बसवतो, गिऱ्हाईक आपल्या दारात येते, मग होडीचा नफा दुसऱ्याने का खावा?” सोळा फुटी होडीचा साचा आला, त्याने निम्मी शेड अडवली आणि दुरुस्तीची इंजिने ताडपत्रीखाली गेली. जुलैच्या दमट हवेत फायबर घट्ट करणारे रेझिन धरेना; बोट टेकवले की चिकट ठसा उमटे. मागच्या फळीतील बोल्टची भोके आम्ही घाईत नीट बुजवली नाहीत, त्यामुळे आतले प्लायवूड पाणी पीत राहिले आणि दुसऱ्या वर्षी त्यात टोचा लोण्यासारखा शिरला. तीन होड्या विकल्या गेल्या. त्याहून मोठा फटका असा, की ज्या होडी बांधणाऱ्यांच्या शब्दावर आमच्याकडे इंजिने येत, त्यांनी ती दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. साचा घेण्यापूर्वी मी हेच सांगितले होते.

ओएमसीचेही इंजिन ज्यांच्या होड्यांवर खपत होते, त्यांच्याशीच तिने स्पर्धा मांडली. त्यातून इंजिन हे ओतकामाचे आणि यंत्रावरचे काम, एकदा घडी बसली की हजारोंनी निघते. होडी मात्र हातकाम, जे साचा आणि छप्पर असलेला कोणीही करतो. शिवाय ट्रकभर इंजिने जातात, तिथे होड्या भरल्या की निम्मी हवाच वाहून न्यावी लागते.

मर्क्युरी या प्रतिस्पर्धी इंजिनाची मालक असलेल्या ब्रन्सविकने 1986 मध्ये बेलायनर आणि सी रे या होड्यांच्या कंपन्या घेतल्यावर ओएमसीनेही होड्यांच्या कंपन्या विकत घेतल्या, आणि डिसेंबर 2000 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. उदाहरण म्हणून बंधू ब्रन्सविककडे बोट दाखवतात, मी ओएमसीकडे; दर गणपतीत हा वाद होतो. तुमच्याकडे चालते वर्कशॉप असेल आणि घरातले कोणी साच्याची भाषा बोलू लागले असेल, तर आधी होडी बांधणाऱ्यांना जाऊन विचारा.

यामाहाने 1960 पासून इंजिन आणि होडी दोन्ही बनवली, हे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, हे मान्य करतो. पण तिच्या पाठीशी मोटारसायकलींचा पैसा होता. आमच्या साच्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, आणि त्या मी चार वर्षे कार्ब्युरेटर धुऊन सोडवल्या.