पक्क्या बिलावर लिहिता न येणारी सिस्टीम

असेंबल्ड कॉम्प्युटर, त्यावर टाकून दिलेली ऑपरेटिंग सिस्टीम (ॲपलच्या मॅकची मॅकओएस किंवा मायक्रोसॉफ्टची विंडोज) आणि कायदा या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : दारव्ह्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका स्टुडिओवाल्याला मॅक पाहिजे, बजेट साठ हजार. नागपूरच्या बर्डीवरून पार्ट आणून मशीन जोडतो आणि त्यावर मॅकओएस टाकून देतो. सिस्टीमचे पैसे घेत नाही, फक्त मशीनचे आणि मजुरीचे. यात गुन्हा आहे का?

आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम कोणत्याही कंपनीचे आणा, जोडा आणि विका. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. अडचण आत टाकलेल्या मॅकओएसच्या प्रतीची आहे. ॲपल मॅकओएसची मालकी कोणाला देत नाही, वापरायचा परवाना देते आणि तो ॲपलच्याच मशीनपुरता असतो. सिस्टीमचे पैसे घेतले नाहीत, हा बचाव लंगडा आहे, कारण गिऱ्हाईक ती मशीन सिस्टीमसाठीच घेतोय. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो.

हाच धंदा अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये उघडपणे केला होता. ते मॅकओएसची खोक्यातली खरी प्रत विकत घेऊन मशीनसोबत देत, त्यामुळे आपली बाजू पक्की आहे असं त्यांना वाटायचं. पण मशीनवर जी सिस्टीम चालायची ती एका मूळ प्रतीत बदल करून सगळीकडे उतरवलेली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ते कॉपीराइटचं उल्लंघन ठरवलं, डिसेंबरमध्ये कायमची मनाई केली, आणि २०११ मध्ये अपील कोर्टानेही निकाल कायम ठेवला. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. पण खरी प्रत विकत घेतली की परवान्याच्या अटी सुटल्या, हा समज तिथे कोर्टात टिकला नाही, हे ध्यानात ठेवा.

गिऱ्हाइकाचं नुकसान वेगळंच. इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची मॅकओएस २०२५ ची 'ताहो' आहे. त्यापुढची फक्त ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालते, ती या मशीनवर चढणार नाही. ऐन लग्नसराईत एखादा अपडेट चुकून दाबला गेला आणि मशीन उघडली नाही, तर स्टुडिओवाला तुमच्याच दारात येईल.

साठ हजारांत सरळ रस्ता आहे. एम४ चिपचा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा १६ जीबी मेमरीसह ५९,९०० रुपयांना होता. मॉनिटर, कीबोर्ड वेगळे. आजचा भाव विचारून घ्या. नाहीतर विंडोजवर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती द्या. तीच लिनक्सवर (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू नका. लिनक्सच्या मोफत आवृत्तीत कॅमेऱ्याच्या एच.२६४ फाइल उघडत नाहीत, आणि लग्नाचं शूटिंग बहुतेक त्यातच असतं.

प्रश्न : राळेगाव तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेला आठ जुने कॉम्प्युटर दान मिळाले. विंडोज चालते. ती खरी आहे का, हे कसं ओळखावं?

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही पाच इंग्रजी अक्षरं सलग, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला चिकटून डी, एल, आय लिहून एंटर मारा. थोड्या वेळाने एक छोटी खिडकी येईल. त्यात 'ओईएम' दिसलं तर परवाना बहुधा मशीनसोबतच आलेला आहे. 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' असं दिसलं तर तो मोठ्या कंपन्यांना किंवा संस्थांना मिळणारा परवाना, जो दान देताना सोबत येत नाही. डीएलआयच्या जागी एक्स, पी, आर लिहिलंत तर मुदत कळते. केएमएसची मुदत १८० दिवसांची असते आणि आतला क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू ठेवणारा चोरटा प्रोग्राम, ती गुपचूप वाढवत राहतो. 'रिटेल', म्हणजे सुटा विकत घेतलेला परवाना, दिसलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका, काही क्रॅक तसंही दाखवतात. तेव्हा देणाऱ्या संस्थेकडे परवान्याचा कागद मागा.

कागद नसेल तर विंडोज काढून टाका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाच आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये नीट चालते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकलीत तर मुलांना सुरू व्हायची वाट पाहावी लागणार नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यातच आहे.

एक गोष्ट आधी पाहा. जुन्या बोर्डावरचा आठ आण्याएवढा सेल, सीआर२०३२, बहुतेक वेळा मेलेला असतो. मग लाइट गेली की घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागे जातं आणि वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत. लोक सिस्टीमला दोष देतात. सेल बदला, तारीख बरोबर लावा.

प्रश्न : चिमूर तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. विंडोज टाकताना दुकानदार म्हणाला, 'अँटीव्हायरस बंदच ठेवा, नाहीतर ॲक्टिव्हेशन जाईल.' तपासणी झाली तर जबाबदार तो की मी?

दोघेही. कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरणं हाच गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षे, दंड ५० हजार ते २ लाख. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण तुमचं केंद्र धंदाच आहे.

आम्हाला जास्त काळजी तुमच्याकडे येणाऱ्या लोकांची वाटते. त्यांची आधार कार्डं, सातबारा, पासबुकाचे स्कॅन तुमच्या मशीनवर आहेत आणि अँटीव्हायरस बंद आहे. २०२१ मध्ये केएमएसपिको या क्रॅकच्या नावाखाली क्रिप्टबॉट हा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम पसरवला जात असल्याचं उघड झालं होतं. आजच करा : फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, कोणतीही सेटअप फाइल घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून दुसऱ्या स्वच्छ मशीनवर पेनड्राइव्ह तयार करा. सगळी पार्टिशन उडवून नव्याने विंडोज टाका. बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

मशीन ब्रँडेड असेल आणि विंडोज १० किंवा ११ सोबत आलेली असेल, तर विंडोज ॲक्टिव्हेट करायचा खरा नंबर, म्हणजे 'की', बहुधा बोर्डातच असतो. बऱ्याचदा घोळ इथेच होतो : लॅपटॉपसोबत विंडोजची 'होम' आवृत्ती आलेली असते, दुकानदार फॉरमॅट मारताना 'प्रो' टाकतो, ती आपोआप ॲक्टिव्हेट होत नाही, मग तो क्रॅक मारतो. 'होम'च टाका, नेट जोडलं की बहुतेक वेळा काम होतं. लिनक्सवर जायचं असेल तर अंगठ्याच्या मशीनचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, हे आधी विचारा.

दुकानदाराविरुद्ध तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण बिल लागेल.

प्रश्न : मी आरमोरीचा विद्यार्थी. आयफोनचं ॲप बनवायला शिकायचंय. घरच्या पीसीवर मॅकओएस टाकली, कोणाला विकली नाही, तर?

विक्री नसली तरी परवान्याची अट मोडतेच, म्हणून आम्ही सुचवणार नाही. त्यासाठी लोक मॅकचा खोटा सिरियल नंबर बनवतात, तो कधी कोणाच्या खऱ्या मशीनचा निघतो. फ्लटर हे ॲप बनवायचं साधन विंडोजवर किंवा लिनक्सवर शिका. मॅक फक्त शेवटी ॲप बांधताना लागतो. कोड सार्वजनिक ठेवलात तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मॅकची मशीन त्यासाठी फुकट मिळते.

प्रश्न : दिग्रसला सगळेच दुकानदार विंडोज टाकून देतात. मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातो. परदेशी कंपनीचं असं काय बिघडतं?

कंपनीचं बाजूला ठेवू. सोयाबीनचे पैसे आल्यावर जो बाप पोरीसाठी कॉम्प्युटर घेतो, त्याला वाटतं आपण पूर्ण वस्तू घेतली. त्यातला अर्धा भाग कधीही बंद पडू शकतो, हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं. बिनबिलाचं बियाणं असंच विकलं जातं. उगवलं नाही तर बिल नाही, पिशवीचा टॅग नाही, कृषी अधिकाऱ्यापुढे काय मांडणार? आपल्या भागात याची झळ घरोघरी माहीत आहे. म्हणून आम्हाला ही गोष्ट साधी वाटत नाही.

गिऱ्हाइकासमोर दोन भाव ठेवा : लिनक्ससह एक, परवान्याच्या विंडोजसह दुसरा. लिनक्सची मशीन दुकानात चालू ठेवा. पोरीला दहा मिनिटं त्यावर बसू द्या, मराठीत नाव टाइप करू द्या. बरेच जण तिथेच ठरवतात. विंडोज हवी असेल तर वितरकाकडून ओईएम परवाना पक्क्या बिलावर घ्या. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'की' घेऊ नका, त्या बऱ्याचदा व्हॉल्यूम परवान्यातून फुटलेल्या असतात आणि पुढे रद्द होऊ शकतात. ओईएम परवाना बोर्डाला बांधलेला असतो. पुढे बोर्ड बदलून वरचा घ्यायचा झाला तर परवाना नवा लागेल, हे आधीच सांगा.

बिल फाडताना बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि मजुरी वेगवेगळ्या ओळीत लिहा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओळीत 'लिनक्स मिंट', 'विंडोज ११ होम, ओईएम' किंवा सरळ 'नाही' असं लिहा. बोर्डाचा सिरियल नंबर खोक्यावरून न घेता बोर्डावरच्या स्टिकरवरून घ्या. वॉरंटीत बोर्ड बदलला तर नवा नंबर त्याच बिलाच्या मागे सही-शिक्क्यासह लिहून द्या. परवाना पुन्हा ॲक्टिव्हेट करताना तो कागद कामी येतो.