पत्र्याची डबी, तीन नळ्या आणि एकही अक्षर नाही

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोल इंजेक्शनची जुनी गाडी आहे. तिच्यासाठी वापरलेले सुटे भाग एकगठ्ठा घेतले, त्यांत पिवळसर मुलामा दिलेली पत्र्याची एक गोल डबी निघाली. व्यास सुमारे ५० मिलिमीटर, तळाशी मधोमध एक जाड नळी, बाजूला दुसरी जाड नळी आणि झाकणावर एक बारीक नळी. नाव, क्रमांक, बाण यांपैकी काहीही नाही. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे हा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर आहे. ओळखीचे मेकॅनिक याला डॅम्पर म्हणतात. नेमके काय आहे हे कसे ठरवावे, आणि तो गाडीला बसवावा का?

उत्तर : दोघांचेही म्हणणे समजण्याजोगे आहे, कारण हे दोन्ही भाग बाहेरून सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पत्र्याच्या दोन वाट्या कडेने दुमडून जोडलेल्या, आत रबरी डायफ्रॅम (लवचीक पडदा) आणि त्यामागे स्प्रिंग, अशीच दोघांची रचना असते. काम मात्र वेगळे आहे. रेग्युलेटर जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवून रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब ठरावीक पातळीवर राखतो; डॅम्पर पंपामुळे आणि इंजेक्टरांच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांच्या) उघडझापीमुळे दाबात उठणारे हेलकावे शोषून घेतो आणि पेट्रोलची वाट अडवत नाही. ओळख पटवायची ती या फरकावरूनच.

त्याआधी अक्षरे खरोखरच नाहीत ना, हे एकदा नीट पाहावे. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नये, कारण हे आकडे पुष्कळदा इतके उथळ ठोकलेले असतात की एका घासणीत कायमचे जातात. मऊ कापडाने तेलकटपणा पुसून भाग अंधाऱ्या जागी धरावा, बॅटरीचा प्रकाश अगदी तिरपा टाकावा आणि डबी सावकाश फिरवत दुमडलेली कड व नट-बोल्टची पट्टी तपासावी. बॉश कंपनीचा दहा अंकी क्रमांक ०२८० १६० ने सुरू होत असेल, तर तो रेग्युलेटर आहे आणि ०२८० १६१ असेल, तर बहुधा डॅम्पर. असे अर्धवट आकडेही वाचता आले, तरी निम्मे काम झाले.

आकडे मिळाले नाहीत, तर नळ्यांकडे वळावे. मधोमध जाड नळी आणि बाजूला दुसरी, ही मांडणी रेग्युलेटरची नेहमीची आहे. मधली नळी परतीची आणि बाजूची रेलकडून येणारी. वरच्या बारीक नळीवरून मात्र निर्णय करू नये. ती इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमसाठी, म्हणजे तिथल्या ओढीसाठी, असते आणि काही डॅम्परांनाही असते. पोर्श ९४४ च्या इंजिनावर रेग्युलेटर आणि डॅम्पर दोन्ही असून दोन्हींना व्हॅक्यूमची नळी जाते. तुमच्या मेकॅनिकांची शंका अशाच एखाद्या गाडीवरून आली असावी.

खात्रीची चाचणी हवेची. तोंडाने फुंकू नये, आत पेट्रोलचा अंश असतोच. भाग मोकळ्या हवेत पूर्ण सुकू द्यावा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी, डोळ्यांना चष्मा असावा. मग गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला सायकलचा पंप बाजूच्या नळीला घट्ट जोडावा, बारीक नळी उघडी ठेवावी आणि मधल्या नळीचे टोक भांडेभर पाण्यात बुडवावे. पहिल्याच दट्ट्याला बुडबुडे आले आणि पंप मधल्या नळीला जोडल्यावरही हवा तितक्याच सहज गेली, तर तो डॅम्पर समजावा. रेग्युलेटर असेल तर काटा चढत जाईल, पाणी स्थिर राहील, आणि एका ठरावीक आकड्यावर अचानक बुडबुडे सुटतील. व्हॉल्व्ह खराब होऊन उघडाच राहिलेला रेग्युलेटरही हवा सोडू शकतो, म्हणून नळ्यांची मांडणी आणि ही चाचणी दोन्ही एकत्र पाहूनच निष्कर्ष काढावा.

बुडबुडे सुटले तो आकडा लिहून ठेवावा, कारण खरा प्रश्न तिथे सुरू होतो. रेलकडे पेट्रोल पोहोचवणाऱ्या इंजेक्शन प्रणालींत हा दाब साधारण २.५ ते ४ बार असतो, तर कार्बोरेटरच्या गाडीत जेमतेम ०.२ ते ०.४ बार. एकाच्या जागी दुसरा गेला, तर कार्बोरेटरची फ्लोट सुई (आत येणारे पेट्रोल अडवणारी) दाब पेलणार नाही आणि पेट्रोल बाहेर वाहू लागेल. इंजेक्शनच्या गाड्यांतही फरक नगण्य नसतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते; ३ बार लागणाऱ्या गाडीला २.५ बारचा रेग्युलेटर लावला, तर पेट्रोल सुमारे ९ टक्के कमी पडते आणि ४ बारचा लावला तर सुमारे १५ टक्के जास्त. गाडी चालू होईल, म्हणूनच चूक लवकर लक्षात येणार नाही. हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे (धूर शुद्ध करणाऱ्या भागाचे) आयुष्य मात्र घटेल.

आता बसवावा की नाही. बारीक नळीचे टोक हुंगून पाहावे. तिथे पेट्रोलचा वास किंवा ओल असेल, तर डायफ्रॅम फाटलेला आहे आणि पुढे विचार करायला नको. असा रेग्युलेटर थेट इनटेकमध्ये पेट्रोल ओढू देतो. वास नसेल, तर त्या नळीला हाताचा व्हॅक्यूम पंप जोडून त्याचा काटा स्थिर राहतो का ते पाहावे. हे सगळे पार पडले आणि सुटण्याचा दाब गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळला, तरीही वय न समजलेला रबरी डायफ्रॅम इंजिनशेजारी, पेट्रोलच्या दाबाखाली लावण्याच्या बाजूचा मी नाही. जुन्या रबराला इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसतेच असे नाही, आणि ते केव्हा दगा देईल हे कोणत्याही चाचणीतून कळत नाही.

तेव्हा या डबीचा उपयोग नमुना म्हणून करावा. नळ्यांचा व्यास, बोल्टमधले अंतर आणि सुटण्याचा दाब ही मापे नोंदवून, त्यांना आणि पुस्तिकेतल्या क्रमांकाला जुळणारा नवा रेग्युलेटर घ्यावा. बसवताना ओ-रिंग (सांधे घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्या) नव्या वापराव्यात, आणि रेलवर गेज जोडून दाब बघावा. इंजिन मंद चालू असताना व्हॅक्यूमची नळी काढली की दाब साधारण अर्ध्या बारने वाढला, तर रेग्युलेटर व्हॅक्यूमला नीट प्रतिसाद देत आहे.