माझ्या १३ वर्षांच्या मुलाची एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या निवासी अकादमीत निवड झाली आहे. त्यांनी सव्वा लाख रुपये 'डेव्हलपमेंट फी' मागितली आहे. क्लब मुलं नक्की कशी निवडतात? त्याला पाठवावं का?

पाठवा. पण आज तो ज्या मैदानावर खेळतो तिथल्या कोचकडून आधी एक कागद लिहून घ्या, मग पाठवा. कागद कसला ते पुढे सांगतो, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलोय.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून नऊ सीझन लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलो. गुडघा गेल्यावर सकाळी साडेसहाला पेठेतल्या पोरांना खेळवायला लागलो, त्याला आता चौदा वर्षं होतील. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. सीनियर टीमसाठी वर्गणी निघते, बाहेरून खेळाडू आणायला पैसा उभा राहतो. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी मात्र चेंडूसुद्धा मागून आणावे लागतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला. तेव्हापासून मैदानावर पोरं वाढली आणि कडेला उभे राहणारे बापही वाढले.

त्याच पोरांत एक होता. मैदानावर सगळे त्याला बारक्या म्हणायचे, इथंही तेच म्हणतो. वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. नवव्या वर्षी आला तेव्हा त्याच्या बुटात पुढं कापडाचा बोळा कोंबलेला असायचा, कारण बूट थोरल्या भावाचे. चौदाव्या वर्षीही तो आमच्यात सगळ्यात बुटका होता. २०१८ च्या डिसेंबरात राज्याबाहेरच्या एका क्लबची ट्रायल पुण्यात होती. मी त्याला आणि आणखी तिघांना पहाटेच्या एसटीनं घेऊन गेलो.

तीनशेच्या आसपास पोरं. छातीवर चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं नंबर. नऊ-नऊ जणांच्या टीम पाडून वीस-वीस मिनिटं खेळवत होते. निवडणाऱ्यांपैकी एक जण माझ्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसला होता. बारक्या खेळत असताना मी त्याच्या मांडीवरच्या वहीकडं बघत होतो. चेंडू बारक्याच्या पायात आला की हा माणूस खाली बघून लिहायचा आणि चेंडू लांब गेला की मान वर करायचा. मला कळेना. मॅच संपल्यावर वही नीट दिसली. बारक्याच्या २१४ नंबरासमोर उभ्या रेघा मारलेल्या, चारांवर पाचवी आडवी, आपण मतं मोजताना मारतो तशा. धीर करून विचारलं. तो म्हणाला, चेंडू येण्याआधी पोरगं किती वेळा मान वळवून मागं बघतं ते मोजतो. पायातलं कौशल्य सगळ्यांना दिसतं आणि बरंचसं शिकवताही येतं. आपल्या मागं कोण आहे हे चेंडू यायच्या आधी माहीत असणं, हे या वयात ज्याच्याकडं आहे ते पोरगं मला हवंय.

नंतर त्यानं तीन गोष्टी विचारल्या. आईवडिलांची उंची किती, जन्म कुठल्या महिन्यातला, आणि चेंडू गेला की हा नेहमीच असा लगेच मागं पळतो का. बारक्याचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतलं पोरगं नोव्हेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असतं, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे अंगात, धावण्यात केवढा तरी. जगभरच्या अकादम्यांत वयोगटाच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं प्रमाणाबाहेर दिसतात ती यामुळंच. चांगला निवडणारा हे ध्यानात ठेवतो. वाईट निवडणारा धिप्पाड पोरं उचलून मोकळा होतो, आणि दोन वर्षांनी बाकीची पोरं वाढली की हीच धिप्पाड पोरं सोडून देतो. तुमच्या मुलाचा जन्म कधीचा आणि तो अंगानं आत्ताच भरलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भरला असेल तर त्याची निवड कशावर झाली हे स्पष्ट विचारा. वयाच्या खात्रीसाठी मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतील, त्याला घाबरू नका, तो सगळ्यांचाच काढतात.

बारक्याची निवड झाली. खरी गोष्ट इथून पुढची.

क्लबला आमच्या तालमीच्या मंडळाचं ना हरकत पत्र हवं होतं. आमचे सेक्रेटरी तात्या, वयानं आणि मानानं मोठे, तालमीसाठी आयुष्य घातलेला माणूस. ते म्हणाले, "सीनियरला स्ट्रायकर न्हाई आणि तू पोरगं वाटायला काढलाईस व्हय?" चार दिवस मी हेलपाटे मारले. पाचव्या दिवशी संध्याकाळी तालमीत कोणी नव्हतं तेव्हा मी कपाट उघडलं. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांखाली लेटरहेड आणि शिक्का होता. स्टँप पॅड वाळून खडखडीत झालेलं, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडून शिक्का उठवला आणि खाली 'प्रशिक्षक' म्हणून माझी सही केली. सहीचा अधिकार मला नव्हता हे मान्य. पण पोराच्या आयुष्यातली ती एक गाडी होती आणि ती सुटली असती. आजही तीच सही करेन.

दोन दिवसांनी क्लबच्या ऑफिसातून फोन आला. पत्र मिळालं, आता पोराचा नोंदणी क्रमांक पाठवा. सीआरएस म्हणतात ती भारतीय फुटबॉल फेडरेशनची ऑनलाइन नोंदणी, त्यातला. मी गप्प. क्रमांक नव्हताच. पाच वर्षं आमच्याकडं खेळलेलं पोरगं कागदावर आमचं कधीच नव्हतं. ज्याची नोंदणीच नाही त्याला सोडण्याचा प्रश्न कुठला? ज्या पत्रासाठी मी चार दिवस झगडलो त्याची कायद्यानं गरजच नव्हती. क्लबनं त्याला थेट स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं.

२०२३ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर, बारक्यानं पहिला व्यावसायिक करार केला. क्लबनं फोटो टाकला, खाली लिहिलं, आमच्या अकादमीत घडलेला खेळाडू. त्यानं स्वतः मला फोन केला, आईनं पेढे पाठवले, पोराविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पण त्याच्या खेळाडू-पासपोर्टात, म्हणजे कुठल्या वयात कुठल्या क्लबाकडं नोंद होती त्या यादीत, नऊ ते चौदा ही वर्षं नाहीत. त्याच्या लेखी फुटबॉल चौदाव्या वर्षी सुरू झाला.

आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम असा की खेळाडूची करार चालू असताना पैसे घेऊन दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. १२ ते १५ या वयातल्या दर सीझनला ०.२५ टक्के आणि पुढच्या दर सीझनला ०.५ टक्के. बारक्याची उद्या १ कोटीला परदेशी बदली झाली तर आमच्याकडच्या, वय १२ च्या सीझनपासूनच्या, अडीच सीझनचे साठ हजारांवर रुपये होतात. आमच्या मैदानाला ते चाळीस चेंडू आहेत, तीन वर्षांची बेगमी. शिवाय पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी पोराला घडवणाऱ्या क्लबांना द्यायची प्रशिक्षण भरपाई वेगळी. देशातल्या देशात होणाऱ्या बदल्यांतही पोरं घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळेल अशी व्यवस्था करा, असं फिफा प्रत्येक फेडरेशनला सांगते. २०२२ पासून पॅरिसमध्ये फिफाचं क्लिअरिंग हाउस आहे, ते खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट बघून ही वाटणी करतं. पासपोर्टात नाव नसेल तर तुम्ही पोराला कितीही वर्षं खेळवलं असो, हातात काही पडत नाही.

तात्या अजून म्हणतात, "तू पोरगं फुकट घालवलंस." मी भर मीटिंगमध्ये सांगितलं आणि इथंही सांगतो, फुकट मी नाही घालवलं. २०१५ मध्ये मी सव्वीस पोरांचे जन्मदाखले, आधारच्या झेरॉक्स आणि फोटो एका फायलीत लावून मंडळाच्या टेबलावर ठेवले होते. म्हणालो, सीनियर खेळाडूंची नोंदणी दरवर्षी करता, तशीच यांचीही करू. तेव्हा उत्तर मिळालं, "मिसरूड फुटली न्हाई त्यांची कसली नोंदणी?" ती फाईल त्याच कपाटात होती. शिक्का काढताना माझ्या हाताला लागली.

पोरं बाहेर जाऊ देऊ नका, पेठेची टीम मोडते, हे मला अजिबात पटत नाही. पोरगं जाणारच. जाताना त्याच्याबरोबर आपलं नाव जाईल एवढं बघणं आपल्या हातात आहे.

आता तुमच्याकडं येतो. निवड झाल्यावर सव्वा लाख 'डेव्हलपमेंट फी' मागितली असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ती निवड नव्हे, ॲडमिशन आहे. ज्या क्लबला पोरगं खरंच हवं असतं तो स्वतः खर्च करतो. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून पोरांना ठेवून घेऊन शिकवते, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी पूर्ण शिष्यवृत्तीवर चालते. तिथं बापाच्या खिशाकडं बघत नाहीत. कुणी म्हणालं की दोन वर्षांत स्पेनच्या क्लबात पाठवतो, तर तिथूनच उठा. १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी बदली फिफाच्या नियमात बसत नाही, अपवाद मोजके आहेत आणि आपली पोरं सहसा त्यांत येत नाहीत. हा नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये खुद्द स्पेनच्या बार्सिलोना क्लबवर दोन ट्रान्स्फर विंडोंची, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या दोन मुदतींची, बंदी आली होती.

तेराव्या वर्षी व्यावसायिक करार होत नाही, फक्त नोंदणी आणि पालकांचं संमतीपत्र. पुढं १८ च्या आत करार समोर आला तर तो तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असता कामा नये. शाळा कुठली, दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि वर्षाच्या मध्येच सोडलं तर दहावीचं काय, हे लेखी घ्या. क्लबच बंद पडला तर काय, हेही विचारा. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी एवढे क्लब आले आणि गेले. एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली.

एक राहिलं. फी घेणारी प्रत्येक अकादमी लबाड असते असं नाही. काही ठिकाणी मैदानाचं भाडं आणि मेसचा खर्च निघावा म्हणून घेतात आणि शिकवतातही मनापासून. फक्त तिला क्लबची निवड समजून कर्ज काढू नका. आणि तेराव्या वर्षी पोरगं आईशिवाय राहील का, हे मी ठरवू शकत नाही. बारक्या पहिले तीन महिने रोज रात्री रडायचा, हे त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं.

कागद असा करा. लेटरहेडवर मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो तिथं खेळला, कोचची सही, संस्थेचा शिक्का. या पत्रानं नोंदणीची जागा भरून निघत नाही, पण पुढं कोणी विचारलं तर पुरावा राहतो. त्याच्या कोचला विचारा, नोंदणी केलीय का. केली नसेल तर नव्या क्लबात नाव घालण्याआधी करायला लावा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. अकादमीच्या फॉर्मवर 'यापूर्वीची संस्था' असा रकाना असेल, तिथं रेघ मारू नका, तिचं पूर्ण नाव लिहा. यंदा मी आमच्या एक्केचाळीस पोरांची नोंदणी स्वतः सायबर कॅफेत बसून केली. तेवीस झाली तेव्हा तात्या येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले आणि जन्मदाखले वाचून दाखवायला लागले.