गाडी घेण्याआधी, कापला गेलेला कर परत मिळवा

वाचकांचे पत्र : मी सोलापुरातील एका सामाजिक संस्थेत नऊ वर्षांपासून प्रकल्प समन्वयक आहे. संस्थेत तीसएक जण आहोत. मंगळवेढा तालुक्यातील गावांत बचत गट आणि पाणलोटाचे काम पाहते. मानधन 34,000 रुपये असून कर कापून 30,600 हातात येतात. यजमान चादरीच्या कारखान्यात आहेत, त्यांचा पगार 20,000. मुलगा दहा वर्षांचा, सासूबाई आमच्याजवळ असतात. घरखर्च 38,000 आणि त्याशिवाय सहकाऱ्याच्या नात्यातील माणसाने ‘बचतही आणि विमाही’ म्हणून विकलेल्या 20 वर्षांच्या विमा पॉलिसीचा हप्ता 4,000; शेवटी 17 लाखांच्या आसपास मिळतील, असे त्यांनी सांगितले आहे. आठवड्यातून चार दिवस एसटीने जाऊन-येऊन घरी पोचायला रात्रीचे साडेआठ होतात आणि नंतर अहवाल लिहीत बसावे लागते. साडेचार लाखांची जुनी गाडी घेतली तर सातपर्यंत घरी येता येईल, मुलाचा अभ्यास घेता येईल. बँकेत 1 लाख 10 हजार आहेत. पेट्रोलचे पैसे संस्था नंतर देईल आणि नवा प्रकल्प आला की मानधन 45,000 होईल, अशी आशा आहे. (कामाच्या गडबडीत गेली तीन वर्षे प्राप्तिकर विवरणपत्र भरायचे राहिले आहे.) गाडी घ्यावी का?

उत्तर : गाडी घेऊ नका. लाखभर रुपये आधी भरून साडेतीन लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे 7,800 येईल. सोलापूर ते मंगळवेढा आणि तेथून गावे असे दिवसाला 120 किलोमीटर धरले, तर महिन्याचे पेट्रोल 11,000 च्या आसपास जाते. विमा आणि दुरुस्ती धरून एकूण बोजा 20 ते 21 हजारांचा होतो. तुमच्या घरात महिन्याला शिल्लक राहतात 8,600. संस्था पेट्रोलचे पैसे ‘नंतर’ देईल आणि प्रकल्प आला तर मानधन वाढेल, या दोन्ही गोष्टी लेखी नाहीत, म्हणून हिशेबात त्यांची किंमत मी शून्य धरतो. शिवाय, कार्यक्षेत्रात जाणारी गाडी दारात उभी राहिली की ती काही महिन्यांतच संस्थेची गाडी होते आणि हप्ता मात्र घराचा राहतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. 34,000 मधून 3,400 कापले जातात, याचा अर्थ संस्था तुम्हाला कर्मचारी न मानता सल्लागार मानते आणि व्यावसायिक शुल्कावरचा 10 टक्के कर कापते. वर्षाला हे 40,800 रुपये होतात. तुमचे वार्षिक उत्पन्न मात्र 4 लाख 8 हजार आहे, आणि या उत्पन्नावर गेल्या तीन वर्षांत, जुन्या करप्रणालीत काय किंवा नव्या, तुम्हाला एक रुपयाही कर लागत नव्हता. कापलेली सगळी रक्कम तुमचीच आहे. पण ती विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. तीन वर्षांचे सव्वा लाखाच्या आसपास रुपये तुम्ही सोडून दिले आहेत, म्हणजे बँकेतील तुमच्या सगळ्या शिल्लकेपेक्षा अधिक. संस्थेचा प्रत्येक अहवाल देणगीदाराला वेळेवर देण्यासाठी रात्री जागणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या कागदांसाठी वर्षातून एक दुपार मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्या वर्षाची मुदत अजून गेलेली नाही त्याचे विवरणपत्र याच महिन्यात भरा. नेहमीची तारीख हुकली असली तरी विलंबित विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरता येते आणि त्यात परताव्याची मागणी करता येते. ती तारीखही उलटली की नंतर भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र भरून परतावा मागता येत नाही. त्या वर्षांसाठी प्राप्तिकर खात्याकडे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. त्याला पाच वर्षांची मर्यादा आहे आणि तो मान्य होईलच असे नाही, तरीही करावा. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली आहे का, हे 26एएस या विवरणात आधी पाहून घ्या. सनदी लेखापालाची फी दोन-चार हजार झाली तरी ती द्यावी.

दुसरी बाब भविष्य निर्वाह निधीची. ज्या आस्थापनेत 20 किंवा अधिक कर्मचारी आहेत तिला हा कायदा लागू होतो, आणि ग्रॅच्युइटीसाठी 10 कर्मचारी पुरेसे असतात. तुमची वेळ, कामाची जागा आणि काम संस्थाच ठरवत असेल, तर कागदावर ‘मानधन’ लिहिल्याने नोकरीची सल्लागारी होत नाही. मूळ वेतन 15,000 धरून ढोबळ हिशेब केला, तर नऊ वर्षांत संस्थेचा निधीतील वाटा 1 लाख 94 हजार आणि ग्रॅच्युइटी सुमारे 78,000 झाली असती; व्याज वेगळे. शिवाय, तुमचे 34,000 रुपये मानधनाऐवजी पगार म्हणून दिले असते तर तो 10 टक्के करही कापला गेला नसता. कार्यकारी विश्वस्तांशी भांडण करू नका, पण हे आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. संस्थेविषयीच्या आत्मीयतेमुळे हा विषय टाळणारे कितीतरी कार्यकर्ते साठीला पोचतात तेव्हा त्यांच्या हातात सत्काराच्या शालीपलीकडे काहीच नसते, आणि ते पाहणे मला फार जड जाते.

त्याच बैठकीत वेळेचाही प्रश्न मांडा, कारण तुमची संध्याकाळ केवळ एसटीमुळे जात नाही. आठवड्यातील एक दौरा कमी करून तो दिवस सोलापूरच्या कार्यालयात अहवालासाठी मागा आणि नव्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दौऱ्यासाठी भाड्याच्या वाहनाची तरतूद करायला सांगा. कार्यक्षेत्रातील प्रवास हा प्रकल्पाचा खर्च आहे. तोवर एसटी सोडू नका. मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे.

राहिली पॉलिसी. महिन्याला 4,000 प्रमाणे 20 वर्षांत 9 लाख 60 हजार भरायचे आणि शेवटी 17 लाखांच्या आसपास मिळतील, असे तुम्हाला सांगितले गेले आहे. हा परतावा जेमतेम पाच टक्के आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत आजच्या 7.1 टक्के दराने तेवढ्याच पैशांचे साडेवीस लाखांवर होतात. विमाछत्र 9 लाखांचे, म्हणजे तुमच्या घराचा दोन वर्षांचाही खर्च नाही. सहकाऱ्याच्या नात्यातील माणसाने ‘बचतही आणि विमाही’ म्हणून ही विकली, असे तुम्ही लिहिता. यात बचत नीट नाही आणि विमाही नाही.

मात्र आज लगेच ती बंद करू नका. आधी स्वतःसाठी 50 लाखांचा शुद्ध मुदतविमा (ज्यात बचत नसते, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम मिळते) घ्या, यजमानांसाठीही घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आरोग्य विमा तुमच्या पत्रात कुठेच दिसला नाही, तोही चौघांसाठी घ्या. सासूबाईंच्या वयामुळे हप्ता परवडत नसेल, तर त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे आत्ताच तयार ठेवा. मुदतविम्याची पॉलिसी हातात आल्यावर जुन्या कंपनीकडून पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते थांबवले तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम) आणि समर्पण मूल्य (पॉलिसी आत्ताच मोडली तर मिळणारी रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला कळवा. त्यानंतरच कोणता मार्ग घ्यायचा ते ठरवू.