आंबापोळीला बुरशी आली. पुन्हा करू का?

प्रश्न : गेल्या वर्षी विक्रीसाठी केलेली आंबापोळी पावसाळ्यात बुरशीने वाया गेली. घरचे म्हणतात, हा नाद सोड. काय करावे? (एक भगिनी, गुहागर)

उत्तर : ताई, नाद सोडू नका. बुरशी येते ती पोळीत उरलेल्या ओलाव्यामुळे, आणि तो बहुधा खालचा थर पुरता सुकण्याआधीच वर रस ओतल्याने राहतो. यंदा तूप लावलेल्या ताटात रस पातळ पसरा, तो बोटाला चिकटेनासा झाल्यावरच पुढचा थर द्या, आणि मेअखेरची ढगाळ, दमट हवा सुरू होण्याआधी पोळ्या हवाबंद डब्यांत भरून प्रत्येक डब्यावर तारीख लिहा. घरच्यांची नाराजी रास्त आहे, कारण आंब्याचे पैसे त्यांचेही बुडाले. म्हणून यंदा थोड्याच पोळ्या करा आणि श्रावणात डबा त्यांच्यासमोर उघडा. विक्रीसाठीची अन्नसुरक्षा नोंदणी त्यानंतर करता येईल.