गाडीला पंधरा इंची चाक घ्यावं की सोळा इंची?

दोन्ही चालतील, पण कुटुंबाची गाडी असेल तर मी डोळे झाकून पंधरा घेईन.

आधी टायरवरचा आकडा वाचायला शिका. १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, आणि रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो धातूचा भाग, १५ इंची. १९५/५५ आर१६ घेतलंत तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. भिंत मात्र १०७ वर येते. खड्ड्यात धक्का खाते ती हीच भिंत. मी हौसेनं मोठी अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, बसवली होती. एकाच खड्ड्यात रिम वाकली आणि टायरला लिंबाएवढा फुगा आला. दिसायला झकास होती, हे मान्य!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एकूण उंची बदलतात. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.
- आकारापुढचा भार-निर्देशांक बघत नाहीत. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. कंपनीनं दिलाय त्यापेक्षा कमी नकोच.
- टायरवर छापलेली कमाल हवा भरतात. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

त्याच स्टिकरवर मंजूर आकारही असतात. त्यातलाच निवडा. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) वगैरे भानगडीत आत्ताच पडू नका.