कोटिंगच्या खाली काय राहिले आहे, ते आधी पाहा

आपण लिहिले आहे की धुळ्यात नव्या काळ्या गाडीला २५ हजार रुपये देऊन सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ पारदर्शक संरक्षक थर, करून घेतले, आठ दिवसांनी बॉनेटवर ढगाळ पट्टे आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागले, आणि दुकानदार मात्र कोटिंग बसायला महिना लागतो असे सांगून आपल्याला परत पाठवतो आहे. महिनाभर थांबू नका. कोटिंग पूर्ण कडक व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात हे खरे आहे, परंतु त्या काळात पट्टे मिटत नाहीत, उलट कोटिंगबरोबर तेही कडक होत जातात.

इतक्या खात्रीने मी हे लिहीत आहे, कारण २०२२ च्या मे महिन्यात जळगावात माझ्या गाडीचे नेमके हेच झाले, आणि त्यावरून आमच्या घरात उभा राहिलेला वाद आजही मिटलेला नाही. गाडी गडद निळ्या रंगाची होती आणि तिचे हप्ते मी माझ्या शिक्षिकेच्या पगारातून भरत होते. दुकान माझ्या धाकट्या दिरांनी सुचवले, कारण दुकानदार आमच्या सासरच्या पारोळ्याकडचा, त्यांच्या ओळखीतला मुलगा होता. ठरलेल्या २८ हजारांपैकी १८ हजार मी ऑनलाइन भरले आणि उरलेले १० हजार दिरांनी रोख दिले. मी पावती मागितली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटले, "वहिनी, घरच्या माणसाजवळ कुठे बिल मागतात?" मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

गाडी ताब्यात मिळाली ती संध्याकाळी सात वाजता, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, आणि तिथे ती आरशासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी ती घेऊन भुसावळला वडिलांकडे गेले. माझे वडील रेल्वेत रंगारी होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी इंजिनांच्या अंगावर रंग चढवला. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी आईकडून साखरेची रिकामी पातळ पिशवी मागून घेतली, हात तिच्यात घातला आणि तो बॉनेटवरून, मग टपावरून, मग दारांच्या खालच्या भागावरून हळूहळू फिरवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "धुतली आहे, पण साफ केलेली नाही." मग तीच पिशवी त्यांनी माझ्या हातात घालायला लावली. पातळ प्लॅस्टिकमुळे हात घसरत राहतो, त्याची पकड राहत नाही, आणि एरवी न कळणारे कण बोटांना कळतात. मला दारांवर बारीक रव्यासारखी खरखर लागली. आपल्याकडच्या महामार्गाची धूळ, डांबराचे शिंतोडे आणि ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण रंगाला असे चिकटतात की शॅम्पूने निघत नाहीत. त्यासाठी लोखंड विरघळवणारे रसायन आणि मग क्ले, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावी लागते. त्या मुलाने ते केलेच नव्हते. सगळी खरखर त्याने कोटिंगखाली कायमची बंद करून टाकली होती.

सोमवारी सकाळी नऊच्या तिरप्या उन्हात बाकीचे दिसले. बॉनेटवर वीतभर रुंदीचे दोन पट्टे होते, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दाखवणारे. कोटिंग लावल्यावर त्यातले द्रावण उडू लागते आणि ठराविक वेळेत ते मायक्रोफायबरच्या मऊ कापडाने सारखे पुसून घ्यावे लागते. मे महिन्यात, पारा ४४ अंशांच्या आसपास असताना, पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या बॉनेटवर ही वेळ फार थोडी मिळते, आणि पुसायला उशीर झाला की जिथे थर जाड राहिला तिथे तो तसाच कडक होतो. हेच आपले ढगाळ पट्टे. गोल ओरखड्यांचे कारण वेगळे आहे. रबिंग करताना, म्हणजे मशीनने रंग घासून ओरखडे काढताना, कंपाउंडमधले म्हणजे घासायच्या लेपातले तेल ओरखड्यांत भरते आणि ते तात्पुरते नाहीसे झाल्यासारखे दिसतात. म्हणून कोटिंगपूर्वी प्रत्येक पॅनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खरा रंग उघडा पाहायचा असतो. ती पायरी गाळली, तर एक-दोन धुण्यांत तेल निघून जाते आणि ओरखडे परत वर येतात. आपल्याला ते आठ दिवसांनी दिसले, यावरून आपल्याकडेही हीच पायरी गाळली गेली असावी असे मला वाटते.

एवढे सगळे कोटिंगने झाकले जाईल अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे. सगळा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश भागाचा असतो, तर त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे कंपनीने रंगावर दिलेला पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे आपण पैसे देतो ते बाटलीतल्या द्रवाचे कमी आणि त्याआधीच्या एक-दोन दिवसांच्या मेहनतीचे अधिक. डब्यावर लिहिलेले '९एच' हे पेन्सिलीच्या कडकपणाचे माप आहे, दगडाच्या माराचे नाही. ते दाखवून दगडाने गाडीला काही होणार नाही असे जो सांगतो, त्याला स्वतःचे काम कळत नाही असे मी स्पष्टच म्हणेन.

मी दिरांना घेऊन दुकानात गेले. दुकानदार माझ्याशी बोललाच नाही; दिरांकडे पाहून अहिराणीत म्हणाला, "गाडी चमकस ना, मंग अजून काय जोयजे?" मी त्याला सांगितले की ती कंपनीच्या रंगाने चमकते आहे, तुझ्या कामाने नाही. पाच वर्षांची वॉरंटी लिहिलेले कार्ड त्याने दिले होते, पण माझ्या गाडीचा क्रमांक त्याने कोटिंगच्या कंपनीकडे नोंदवलाच नव्हता, त्यामुळे त्या कार्डाला काही अर्थ नव्हता. शेवटी तो पुन्हा फुकट रबिंग करून देतो म्हणाला, आणि दिरांना तो न्याय वाटला. मी नकार दिला. प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. ज्याने एकदा बिघडवले त्याच्या हातात तेच मशीन पुन्हा देणे मला मान्य नव्हते.

सकाळच्या उन्हातले फोटो, तारखा आणि ऑनलाइन भरलेल्या पैशांचा पुरावा जोडून मी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आणि १५ दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्याआधी त्याने १५ हजार परत केले. रोख दिलेल्या १० हजारांविषयी तो शब्दही बोलला नाही, कारण त्यांचा कागद कुठेच नव्हता. पुढे नाशिकच्या एका दुकानात आधी ठिकठिकाणी रंगाची जाडी मोजून, मग बारीक पॉलिशने ते कोटिंग काढून, काम पुन्हा करून घेतले.

दीर अजूनही लग्नकार्यात सांगतात की वहिनींनी ओळखीतल्या पोराला पत्र धाडून गावात त्याची बदनामी केली. त्यांचे म्हणणे मी समजून घेतले आहे. मुलगा नवा होता, दुकानावर कर्ज होते. पण त्याचे कर्ज खरे होते तसा माझा हप्ताही खरा होता, आणि ओळख होती म्हणूनच त्याने क्लेची पायरी गाळायला नको होती. ओळखीच्या माणसाजवळ बिल मागणे हा अविश्वास आहे, ही समजूत खान्देशात फार खोल रुजली आहे, आणि तिचा फायदा चांगल्या कारागिराला कधीच होत नाही, कारण त्याला बिल द्यायला काही अडचण नसते.

आपण त्याच दुकानाकडून दुरुस्ती करून घ्यायची ठरवलीच, तर आधी रंगाची जाडी मोजून मागा. प्लॅस्टिकच्या बंपरवर नेहमीचे यंत्र चालत नाही, एवढे लक्षात ठेवा. तो ऐकत नसेल, तर लेखी पत्रानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीची तक्रार आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. बोअरचे पाणी अंगणात गाडीवर पडून उन्हात वाळले, तर क्षारांचे गोल पांढरे डाग पडतात, आणि कोटिंग असले तरी ते पडतात. त्याचा दोष दुकानदाराला देता येणार नाही. शिवाय त्याने केवळ कोटिंगचे पैसे घेतले असतील आणि ओरखडे काढण्याचे काम ठरलेच नसेल, तर ओरखड्यांबाबत आपली बाजू कमकुवत पडते. पट्ट्यांबाबत ती तशी पडत नाही. काय ठरले होते याचा कागद नसेल, तर आजच त्याला व्हॉट्सअॅपवर साध्या भाषेत विचारा की २५ हजारांत कोणकोणते काम केले, आणि त्याचे जे उत्तर येईल ते जपून ठेवा.